दुसऱ्या गेरची कसर

दोन सीटच्या गाडीला ड्रायव्हर ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो ड्रायव्हर मीच होतो. हसा बाप्पा, हसून घ्या. अख्खं अकोला हसायचं.

साठ सालच्या आगेमागे आमच्या कापसाच्या जिनिंगच्या छोट्या शेठनं मुंबईहून एक इंग्रजी स्पोर्ट्स गाडी आणली. हिरवी, बुटकी, वर कापडी टप आणि आत बरोबर दोन माणसांची जागा. मागं सीट नावालाही नाही. कोणा साहेबाची होती म्हणे. साहेब विलायतेला गेला आणि गाडी आमच्या डोक्यावर आली. टप खाली पाडून राजासारखं हिंडायचं, असं छोट्या शेठच्या मनात होतं. पहिल्याच दिवशी फाटकातून बाहेर काढताना त्यांनी पहिला समजून मागचा गेर टाकला आणि गाडी उलटी जाऊन हौदावर आदळली. तेव्हापासून चाबी माझ्याकडे.

त्यांचाही सगळा दोष नव्हता. त्या गाडीच्या गेरची दांडी हातभर लांब, वरून वाकडी, आणि खालची गोळी झिजून पार गुळगुळीत झालेली. तिसरा शोधायला जावं तर पहिला भेटे, पहिला शोधावा तर काहीच भेटत नसे. नुसती खरखर. मी अमरावतीला असताना तिवश्यावरून नागपूरपर्यंत कापसाच्या गाठींचा ट्रक हाकलेला माणूस. असल्या खिळखिळ्या दांड्यांची मला सवय होती. माझा हात बरोबर जागा हुडकायचा. दुसऱ्या कोणाचा हुडकत नसे.

म्हणून व्यवस्था अशी झाली की मी चालवायचं आणि छोट्या शेठनं माझ्या डावीकडं बसायचं, मांडीला मांडी लावून. दुसरा गेर टाकताना दांडी इतकी मागं ओढावी लागे की माझं कोपर थेट त्यांच्या बरगडीत जायचं. दर वळणाला एकदा. बंगल्यात माझा चहा कान तुटलेल्या वेगळ्या कपात यायचा. तो कप गॅरेजच्या कोनाड्यात राहायचा. आम्ही छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो होतो. माझ्या लेखी जात तिथं सुटली, बंगल्याच्या लेखी ती त्या कोनाड्यातच होती. पण गाडीत बसलं की कोपर बरगडीत. त्याचं मला लय बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

आता खोलीचं सांगतो, कारण सगळं त्या खोलीपाशी येऊन अडतं. ड्रायव्हर म्हणून मला बंगल्यामागं एक खोली होती आणि खोलीच्या दारात नळ. माझी बायको खारपाणपट्ट्यातली. तिच्या गावच्या विहिरीचं पाणी इतकं खारट की त्यात डाळ शिजत नसे. गोड्या पाण्याची विहीर होती एक, पण ती दुसऱ्यांची. तिथं घागर घेऊन लांब उभं राहायचं, कोणाला दया आली तर वरून ओतणार, नाही आली तर रिकामी घागर घेऊन परत. लहानपणापासून तिनं तेच केलेलं. खोलीत राहायला आलो त्या दिवशी तिनं नळ सोडला, खाली हात धरला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

"अजी, हा आपला हाये काय?"

"आपलाच समज."

समज म्हणालो, कारण खोली ड्रायव्हरची होती, माझी नव्हती. ड्रायव्हरकी गेली की खोली गेली, खोली गेली की नळ गेला. हे आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

पुढं छोट्या शेठचं लग्न जुळलं. मुलगी अमरावतीची, शिकलेली, बापाची मोटार स्वतः चालवणारी. झालं! आता दोन सीटच्या गाडीत नवरा, नवरी आणि मी कसे मावणार? शेठ एक दिवस गॅरेजमध्ये आले. हातात विलायती मासिक, त्यात एका गाडीचा आतला फोटो. आखूड, वीतभर गेर-दांडी, वर काळा गोळा.

"मिस्त्री, मले अशी पायजे. मनगटानं पडली पायजे. लग्नाच्या आत मले ही गाडी चालवता आली पायजे, बस."

"करू नं शेठ," मी म्हणालो.

"तू हे करून दे. जिनातल्या सगळ्या गाड्यांचा मुख्य मिस्त्री करतो तुले."

हे मी घरी येऊन फुशारकीनं सांगितलं. बायको भाकरी थापत होती. तिनं थापणंही थांबवलं नाही.

"गाडी त्याईले चालवता याले लागली तं तुमी काय करसान? नवरा-नवरीच्या मांडीवर बसता काय?"

"अवं, मुख्य मिस्त्री करतो म्हणून राह्यले ते."

"म्हणून राह्यले! फोकनाड्या बाता. गरज सरो नं वैद्य मरो, हे तुमाले मी सांगाव काय? काहून आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेता?"

तिचं खरं होतं. मलाही ते कळत होतं. पण दुसरंही एक खरं होतं, ते मी तिला सांगितलं नाही. ती झिजकी दांडी रोज हातात घेऊन माझाच जीव विटला होता. ही अशी कापावी, इथं अशी गोळी बसवावी, हे मनात कधीचं तयार होतं. शेठनं मासिक दाखवलं नसतं तरी मी कधीतरी ती उघडलीच असती. खाज असते माणसाच्या हाताला.

जुन्या शहरात माझ्या उस्तादांचं लेथचं दुकान होतं. ट्रकवर जायच्या आधी दोन वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली होती. दांडी घेऊन तिथं गेलो. दिवसा बंगल्याचं काम सांभाळून, मिळेल तेवढा वेळ तिथं बसलो. दांडी कापली. पोलादाची नवी गोळी काढली, तिच्या मापाची गनमेटलची वाटी काढली. गोळीखालचा दांडीचा भाग वाढवला आणि वरचा कमी केला, म्हणजे वर हात उलसा हलला तरी खाली गेर पुरता सरकावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक लोखंडी पट्टी. तिच्यात प्रत्येक गेरसाठी एकेक खाच कापली. दांडी त्या खाचांतूनच फिरणार, तिला भलतीकडं जायला वावच नाही. आंधळ्यानं टाकला तरी गेर बरोबर पडावा. उस्तादांनी पट्टी हातात घेऊन उजेडात धरली, वाटीत गोळी फिरवून पाहिली. माझी तारीफ करायची त्यांची रीत म्हणजे काही न बोलणं. ते काही बोलले नाहीत.

मग पट्टी परत देताना म्हणाले, "सुन. पूरा काम कभी मत देना. थोड़ी कसर रखना. कारीगर की रोटी कसर में है."

ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. तिला लबाडी म्हणा, काही म्हणा. उस्ताद ज्या तेलाच्या इंजिनाला हात लावत त्यात एखादा नट असा ठेवत की तो फक्त त्यांच्याच हाताला ऐके. इंजिन बंद पडत नसे, कोणाचं नुकसान होत नसे. पण शेतकऱ्याला दर हंगामात उस्तादांची आठवण व्हायची. मशीन मरू नये, आणि मशीनवाल्यानं आपल्याला विसरूही नये, इतकीच कसर.

मी ठेवली. दुसऱ्या गेरची खाच अर्धा सूत कमी कापली. एवढ्यानं काय व्हायचं? दुसरा पडायचा, पण पुरता बसायचा नाही. रेस सोडली की खट्‌ करून दांडी आपोआप मधे यायची. आणि पट्टीचा एक बोल्ट मी जरासा ढिला ठेवला होता. तळहातानं दांडी खाली दाबून मग मागं ओढली की पट्टी केसभर सरकायची आणि गेर चपखल बसायचा. तो दाब फक्त मला माहीत.

शेठ गाडी घेऊन निघाले तेव्हा खूश. पहिला पडला, दुसरा पडला. मी डावीकडं बसलेलो. स्टेशनच्या वळणावर त्यांनी रेस सोडली, खट्‌! दांडी बाहेर.

"हे काय बे?"

"दुसऱ्याले जरा हात लागते शेठ. नवं काम हाये. मी हाये नं बाजूले." मी हात पुढं करून दांडी दाबली. गेर बसला.

असे दोन महिने गेले. ते चालवायचे आणि मी शेजारी बसून दुसरा गेर धरायचो. चालवण्याची हौस त्यांची, गाडीतली जागा माझी. बायकोला कसरीचं सांगितलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली. माझ्या आठवणीत माझ्या कामावर खूश होऊन ती हसली ती तेवढीच.

"असंच राहू द्या जी," ती म्हणाली. "आता हात लावू नका त्याले."

साखरपुड्यानंतर आम्ही अमरावतीला गेलो. कॅम्पाकडं मुलीचा बंगला. ती बाहेर आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "मी चालवून बघू?" मला उतरावं लागलं. ती चालवायला, शेठ शेजारी. मी फाटकाशी उभा. पंधरा-वीस मिनिटांनी परत आले. बाई हसत हसत उतरल्या.

"दुसरा गेर टिकतच नाही हो. चार वेळा निघाला. कोणी केलं हे?"

शेठनं हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं.

"रचना छान आहे," त्या म्हणाल्या, "पण काम कच्चं आहे. चांगल्या कारागिराचा हात असता तर असं झालं नसतं."

त्या वाईट मनानं बोलल्या नाहीत. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाल्या. ते मी गिळलं असतं. पण शेठ म्हणाले, "जाऊ द्या हो. या लोकांचं काम असंच. जेवढं जमते तेवढं करतात."

या लोकांचं!

माझ्या टाळक्यात अशी तिडीक गेली की डोळ्यांपुढं काही दिसेना. ओरडून सांगावंसं वाटलं, की बाई, ही खाच मी मुद्दाम कमी कापली. या वाटीत केसाइतकी ढिलाई असेल तर माझा हात तोडून टाका. पण सांगू कसं? काम कच्चं नाही म्हणावं तर बेइमानी कबूल करावी लागते. बेइमानी लपवावी तर कच्चा कारागीर ठरतो, आणि मी एकटा नाही, माझ्यासकट 'हे लोक' कच्चे ठरतात. मी मान खाली घालून गाडीत बसलो. अमरावती ते अकोला, मूर्तिजापूरला चहाला थांबलो तेवढं सोडून, मी शेठशी एक शब्द बोललो नाही. दुसरा गेर मात्र प्रत्येक वेळी धरत होतो. दर वेळी वाटायचं, थू तुझ्या जिंदगीवर.

दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टी काढली आणि वाइसमध्ये धरली. बायको नळावर भांडी घासत होती. कानस हातात पाहून ती राखेच्या हातांनी तशीच उठून आली.

"काय करून राह्यले?"

"कसर काढून राह्यलो."

"काहून?"

"माझ्या कामाले नाव ठेवलं त्या बाईनं."

"ठेवू द्या नं! नाव ठेवल्यानं अंगाले भोकं पडते काय?"

"तो या लोकांचं काम म्हणाला. या लोकांचं!"

ती हळू आवाजात म्हणाली, "तो म्हणन ते म्हणन. मी जन्मभर ऐकत आली, माय माझी ऐकत मेली. तुमी चांगलं काम करून दाखवलं म्हणून तो म्हणायचा थांबन काय? त्याले कायले काय दाखवता? आपलं पाहा जी. आपलं पाहा." आणि तिनं कानशीवर हात ठेवला.

मी तो हात झटकला. राखेचा ओला हात. तिला लागलंही असेल. आयुष्यात मी तिच्यावर हात उचलला नाही, पण ते झटकणं मारण्यापेक्षा काय कमी होतं? सहा हात कानस मारली. फक्त सहा. बोल्ट पिळून आवळला. पट्टी बसवली आणि बंगल्याच्या आवारात गाडी फिरवली. दुसरा टाकला, रेस सोडली. दांडी जागची हलली नाही. पुन्हा टाकला, पुन्हा सोडली. लोणी! बोटानं टाकावा आणि विसरून जावं. मी गॅरेजमध्ये एकटाच हसलो. बायको भांडी घासत पाठमोरी बसली होती. तिनं वळून पाहिलं नाही.

लग्न अमरावतीला झालं. तिसऱ्या दिवशी परतायचं होतं. गाडी धुऊन, पुसून मी बाईंच्या बंगल्यापुढं उभी केली. हार काढून टाकले, तेल-पाणी पाहिलं. नवरा-नवरी बाहेर आले. शेठ मला म्हणाले, "मिस्त्री, चाबी."

दिली. ते स्टेअरिंगवर बसले, बाई शेजारी माझ्या जागेवर. त्यांनी दोघांनी आदल्या दिवशी गाडी हिंडवली होती, मला कळलं होतं. बाई खिडकीतून माझ्याकडं वाकून म्हणाल्या, "आता गेर अगदी छान बसतो हं. चांगलं काम केलंत तुम्ही."

चांगलं काम. ज्याच्यासाठी मी बायकोचा हात झटकला होता, ते मला मिळालं.

"तू एसटीनं ये," शेठ म्हणाले. "अन् उद्या मुनीमजीले भेट. या गाडीले आता ड्रायव्हर लागत नाही. खोली महिन्याच्या आखरीले मोकळी कर, माळी येणार हाये तिथं राहाले."

"शेठ, ते मुख्य मिस्त्रीचं..."

"पाहू नं ते. घाई काय हाये?"

पाहू नं. ते अजून पाहून राहिले आहेत.

गाडी निघाली. पहिला पडला, मग दुसरा. रस्त्याच्या टोकाला वळण होतं आणि वळणावर रेस सोडावीच लागते. दोन महिने दुसरा अशाच वळणावर निघायचा. हात जोडणं मी छप्पन सालीच सोडलं होतं आणि तेव्हाही जोडले नाहीत. पण मनात म्हणत होतो, निघ. बाप्पा, एकदा निघ. त्या बाईच्या देखत निघ, म्हणजे ते गाडी थांबवतील, मागं वळून पाहतील आणि हाक मारतील, मिस्त्री, इकडं ये. वळणावर गाडी हळू झाली. इंजिनाचा आवाज खाली आला. मग तोच आवाज, दुसऱ्यातलाच, एकसारखा वर चढत गेला आणि गाडी दिसेनाशी झाली.

एस.टी. स्टँडकडं चालत जाताना माझ्या मनात नळ यायला हवा होता, बायको यायला हवी होती, तिला जाऊन आता काय सांगायचं ते यायला हवं होतं. ते सगळं नंतर आलं, आणि जन्मभर पुरलं. पण त्या वेळी मी तो आवाज आठवत होतो. कुठं खरखर नाही, कुठं झटका नाही. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम. आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. त्या अभिमानाची चीड मला आजही येते.